कोरमची घंटा

मी घंटा बोलतेय. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. विधिमंडळाच्या कॅन्टीनमधली विजेची घंटा. भिंतीला ठोकली गेले तेव्हापासून माणसं चहा पिताना बघतेय. वैताग आलाय, खरं सांगते.

आमच्याकडे सभागृहं दोन. खालच्यातले सदस्य थेट लोकांनी निवडलेले. सरकार टिकतं-पडतं ते तिथेच, पण मुदत संपली की अख्खं सभागृह बरखास्त. वरचं कधीच बरखास्त होत नाही. थोडे जुने जातात, थोडे नवे येतात. कुणाला शिक्षक निवडतात, कुणाला पदवीधर, कुणाला नगरपालिकावाले. कायदा व्हायचा तर दोन्हीकडून फिरून यावं लागतं. मी खालच्याची, शेजारची माझी जुळी बहीण वरच्याची. सभागृहात पुरेशी डोकी नसली, म्हणजे कोरम नसला, की कामकाज अडतं आणि आम्ही बोंबलतो. दोघींचा आवाज अगदी सारखा.

खालच्या सभागृहात एक ताई होती. तिचा धाकटा भाऊ कारखान्याच्या आगीत गेला. माल चोरीला जाऊ नये म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कामाच्या वेळी असं कुलूप लावायला बंदी घालणारं विधेयक तिने आणलं. खालच्यांनी मंजूर केलं, वरच्यांनी एक दुरुस्ती सुचवून परत पाठवलं. आता खालच्यांनी दुरुस्तीला हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. पण तो शेवटचा दिवस! त्यानंतर सभागृह बरखास्त, आणि अडकलेलं विधेयकही गेलं.

त्या दिवशी ताईची आईही गॅलरीत येऊन बसली होती. जेवणानंतर कामकाज सुरू झालं, तर बाकं रिकामी. मी वाजले. अगदी जीव तोडून वाजले.

इथे कॅन्टीनमध्ये खालचे सदस्य ढीगभर होते. पुढच्या निवडणुकीचं तिकीट कुणाला, याचा काथ्याकूट चाललेला. त्यातल्या एकाला सगळे 'बिनसाखर' म्हणतात, चहा तसा लागतो म्हणून. त्याने मान वर केली.

"कुणाची हो ही?"

"वरच्यांची असणार. त्यांचा कोरम कधी भरलाय?"

हशा पिकला. कुणी उठलं नाही. मी दमून गप्प झाले, आणि अध्यक्षांनी कामकाज संपवलं.

मग ताई आईला धरून इथे आली. बिनसाखर हळहळला, "अरेरे, आमची होती होय? अहो, हाक मारली असती तर धावत आलो असतो!"

मेल्या, मग मी काय करत होते?

आईने विचारलं, "आता गं?"

"नवं सभागृह येईल. पुन्हा पहिल्यापासून, आई."

"आणि तोवर दारं?"

ताईने आईचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं.

नवं सभागृह आलं. ताई पडली, बिनसाखर निवडून आला. मी फार कर्कश आहे अशी तक्रार झाली, म्हणून माझ्यावर फडकं गुंडाळलंय. वाजते, पण घशातल्या घशात.

परवा आणखी एक कारखाना जळला. दार बंदच होतं. बिनसाखरने पेपर खाली ठेवला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "छे छे! यावर काहीतरी कायदा व्हायला हवा राव."

तेवढ्यात मी वाजायला लागले. कुणीच वर पाहिलं नाही. बाबांनो, मला काढून भंगारात टाका, पण एकदा तरी उठा रे.