शेलरूममधला कुलर

मेणाचा देह जातो आणि त्याच जागी पोलादाचा देह येतो, हे ओतकामातलं अध्यात्म आहे. अकोल्याच्या एमआयडीसीत या अध्यात्माला एसी लागतो, आणि तो मे महिन्यात बंद पडतो.

परवा पडलाच. पंपाच्या पात्याचा मेणाचा नमुना पातळ घोळात बुडवायचा, वर रेती भुरभुरायची, वाळवायचा. असे थर चढले की त्याचं कवच होतं, म्हणजे शेल. मग वाफेनं मेण काढून पोकळ शेलमध्ये पोलाद ओतायचं. शेल ओलसर राहिलं तर वाफेत चिरतं, आणि ती चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही; ओतताना मात्र पोलाद तिच्यातून बाहेर येतं. हे सारं सुपरवायझर प्रीतमनं अमरावतीला डिप्लोमाच्या पेपरात लिहिलं होतं. पण वऱ्हाडी माणसाला उकडलं की, कुलर पाण्याचा ओला वारा सोडतो हे विसरून, हात आपोआप त्याच्या बटणाकडे जातो. त्यानं घरी निघताना एसीच्या जागी दारातूनच शेलरूमचा कुलर लावून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेलरूममध्ये काम करणाऱ्या इंदूबाईनं सहज सांगितलं, की रातभर कोणी कुलर चालू ठेवला कोण जाणे, सकाळी तिनंच बंद केला. प्रीतम हातातलं काम टाकून भट्टीकडे निघाला. त्या शेलमधलं मेण निघालं होतं. शेल भट्टीत लाल झाली होती. आता भट्टीवरचा धर्मपाल त्यांत पोलाद ओतणार होता.

प्रीतम त्याच्याभोवती घुटमळू लागला. जरा लांब उभं राहता येईल का, विचारलं. बूट नवे आहेत का, विचारलं.

"आज माह्या बुटाची लय चौकशी करून राहिले, साहेब," धर्मपाल म्हणाला. "जावई करून घेता का मले?"

सगळे हसले. प्रीतमही हसला, पण त्याला दिसत होते फक्त ते बूट, आणि त्यांवर सांडणारं पांढरंशुभ्र पोलाद. नोकरी जाईल, गावभर हसू होईल, हे त्याला कळत होतं. पोलादाचं भांडं शेलवर झुकू लागलं.

"थांबा, धर्मपालभाऊ. कुलर मीच लावला होता."

"रातभर?"

"रातभर."

धर्मपालनं भांडं सरळ केलं आणि सगळं पोलाद बाजूच्या रेतीत ओतून टाकलं. शेल फोडून भंगारात गेली. मालक भगवंतराव फोनवर जे बोलले ते प्रीतमनं उभ्यानं ऐकलं.

मग इंदूबाईनं कुलरचं झाकण उघडून दाखवलं. अकोल्यात नळ रोज येत नाही. टाकीत गेल्या उन्हाळ्यापासून कोणी पाणीच भरलं नव्हतं.