थेट घरी

निघताना आईने एवढंच सांगितलं होतं, "येताना कुठे थांबू नकोस. थेट घरी ये."

फिलिपिन्समधल्या आमच्या नेग्रोस बेटावर असं कोणी सांगत नाही. उलट सांगतात. मृताच्या घरून निघालेल्याने वाटेत कुठेतरी टेकायचं, कॉफी प्यायची, निदान बाजारात एक चक्कर मारायची. थेट घरी गेलं तर मेलेलं माणूस मागोमाग येतं. आईला ते यायला हवं होतं.

वडील डोंगराखालच्या गावात देलियाकडे राहायला गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर आईने त्यांचं नाव घेतलं नाही. ते गेल्याचा निरोप आला तेव्हाही ती तिकडे गेली नाही. मला पाठवलं.

देलियाच्या ओसरीवर माणसं पत्ते खेळत जागरण करत होती. मला पाहून त्यांनी पत्ते खाली ठेवले. शवपेटीच्या काचेतून मी वडिलांकडे पाहिलं. कोणीतरी त्यांना टाय बांधला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी टाय लावला नव्हता. निघताना देलियाने मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याच घरून आली होती," ती म्हणाली. "घेऊन जा."

मी येताना जीपनीने, भाड्याच्या लांबड्या जीपने, आले होते. जाताना वडिलांच्या गाडीवरून निघाले. त्यांना घरी आणायचं तर याहून चांगलं वाहन कुठलं?

उसाचा हंगाम चालू होता. ट्रकमधून सांडलेलं पाचट रस्त्याला चिकटलं होतं. आमच्या चढाच्या अलीकडच्या वळणावर पुढचं चाक त्यावरून सटकलं आणि गाडी माझ्यासकट आडवी झाली. मला गुडघ्यापलीकडे फारसं लागलं नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं.

पडलेली गाडी कशी उचलायची हे वडिलांनीच शिकवलं होतं: सीटला पाठ लावायची, एक हात हँडलला, एक कॅरियरला, आणि जोर पायांनी लावायचा. उचलली. क्लचचा दांडा वाकला होता, पण हातात येत होता. न्यूट्रल केली, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पेट्रोलचा उग्र वास आला.

"अगं, आडवी पडलेली गाडी आहे ती, लगेच कशी उठेल?" मागून आवाज आला. रस्त्याकडेच्या दुकानाच्या जाळीआड एक म्हातारी पंखा हलवत बसली होती. "ये, बस. कॉफी टाकते."

"नको, नांग," मोठ्या बाईला म्हणतात तसं मी म्हणाले, "मला थांबायचं नाही."

"तुला नाही, पण गाडीला थांबायचंय."

मी चोक बंद केला, पेट्रोलचा कॉक बंद केला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारत राहिले. मग सीटखालचा पाना काढून प्लग उघडला. ओलाचिंब. ब्लाउजच्या टोकाने पुसला, फुंकला, कॅपमध्ये खोचून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी पडली. म्हणजे बिघाड नव्हताच. पेट्रोल आत चढलं होतं, ते उडून जाईपर्यंत प्लग काढून गाडी नुसती उभी ठेवायची. याला दुसरा इलाज नाही, हेही वडिलांनीच शिकवलेलं. तरीही मी प्लग बसवला आणि पुन्हा किक मारली.

"बिचारीला किती लाथा घालशील, इंदाय, पोरी?" म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि गाडीकडे बघत राहिली. "ही तेर्योची ना? म्हणजे तू सोलिंगची पोरगी. तरीच. हट्ट तसाच."

वडिलांचं नाव ऐकून मी किक मारायची थांबले.

"दर शनिवारी यायचा," ती म्हणाली. "कॉफी आणि दोन बिस्किटं. त्या बाकावर बसायचा, तुमच्या चढाकडे तोंड करून. मी म्हणायची, जा की वर, केवढासा तो चढ! तर म्हणायचा, क्लच घसरतोय, नांग पासिंग, चढायची नाही. आणि परत जायचा. बायकोच्या दिशेनेच तेवढा घसरणारा क्लच मी दुसरा पाहिला नाही बाई."

ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली.

"त्याच्याकडूनच आलीस ना? मग बरं झालं इथे थांबलीस. आता तो मागे येणार नाही."

मी प्लग पुन्हा काढला, सीटवर ठेवला आणि जाऊन बाकावर बसले. तिने दिलेली कॉफी प्यायले. समोर आमचा चढ होता. वर आमच्या घरचं माडाचं झाड इथूनही दिसत होतं.

कॉफी संपल्यावर प्लग लावला, कॉक उघडला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

आई फाटकात उभी होती. तिने वाकलेला दांडा पाहिला, माझा गुडघा पाहिला.

"पडलीस?"

"हो."

"म्हणजे थांबलीस."

"गाडी सुरूच होईना, नानय. नांग पासिंगच्या दुकानासमोर." मी वाकलेला दांडा चाचपत म्हणाले, "तातय तिथपर्यंत यायचे म्हणे. दर शनिवारी."

"ठाऊक आहे. पासिंग बाजारात भेटायची की मला."

"तुला माहीत होतं?"

"मी म्हटलं, यायचं तर पूर्ण यावं माणसाने. अर्ध्या वाटेवर बसलेल्याला न्यायला मी काय जाऊ?" तिने फाटकाची कडी उगाच वर-खाली केली. मी गाडी बंद करायला हात नेला. "बंद करू नकोस," ती म्हणाली. आत गेली, चपला घालून आली आणि माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली.

"कुठे जायचंय?"

"तू त्याला पासिंगकडे ठेवून आलीस. चल."

दुकानापाशी आईला पाहून जाळीआड पासिंगचा पंखा थांबला. आई उतरली आणि बाकापुढे जाऊन उभी राहिली. बसली नाही. रडलीही नाही. कपाळावरचे केस मागे सारले, जसे ती कोणाशी भांडण्याआधी सारते, आणि हळू आवाजात म्हणाली, "हं. उठ आता."

मग ती परत आली. या वेळी सीटवर बसली नाही. अगदी मागे, कॅरियरच्या लोखंडी सळ्यांवर बसली. आमच्या दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

"टोचेल तुला, नानय. पुढे सरक."

"राहू दे," ती म्हणाली. "हळू घे चढावर."