ग्रहसम्राटाच्या खिडकीतली दुर्बीण

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळू, गोड आवाजात सांगतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी दुर्बीण आहे, म्हातारी आहे आणि संतापलेली आहे. माझ्या पितळी नळीला पोचे आलेत, एका पायाला दोरी गुंडाळली आहे, पण भिंग अजून स्वच्छ आहे. समोर जे असते ते मी दाखवते. नसलेले दाखवायला मला येत नाही.

माझे भिंग एका चष्मेवाल्याने घासले. दिवसभर लोकांचे चष्मे करून झाले की तो काचेवर काच ठेवायचा, मध्ये ओली पूड घालायचा आणि टेबलाभोवती फिरत घासत राहायचा. त्याची बायको म्हणायची, "संसाराला एवढा वेळ दिला असतात तर घराला रंग तरी लागला असता." तो मान डोलवायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. भिंग तयार झाल्यावर त्याने नळी बसवली, तिपाई ठोकली आणि मला गल्लीतल्या शाळेला देऊन टाकले.

ती माझी सुखाची वर्षे. विज्ञानाच्या बाई संध्याकाळी मला गच्चीवर न्यायच्या आणि मुले रांगेत ढकलाढकली करायची. माझ्यातून सगळे उलटे दिसते, त्यामुळे समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहूनच त्यांची हसून पुरेवाट व्हायची. शनी आणि त्याचे कडे पाहिले की मात्र प्रत्येक जण आधी माझ्या पुढच्या टोकाशी येऊन बघायचा, बाईंनी चित्र तर चिकटवले नाही ना! बाई सांगायच्या, "तिथून निघालेला उजेड इथे यायला शाळेचे दोन तास जातात. आणि हे मागचे तारे तर त्याच्याहून कितीतरी लांब. काहींचा उजेड तुमचे पणजोबा जन्मायच्या आधी निघालाय. तुमची परीक्षा कधी आहे, हे त्यांना कोण सांगणार?" मुले हसायची. मी शनी शेकडो वेळा पाहिला आहे, मित्रांनो. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि मी मोडक्या बाकांबरोबर भंगारात गेले. तिथून मला ज्याने उचलले त्याच्या दारावर पाटी होती, 'ग्रहसम्राट'. भविष्य सांगायचा धंदा. पहिल्या मजल्यावर त्याचे ऑफिस, भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत मी. तो रोज सकाळी माझे पितळ चिंचेने घासून लखलखीत करायचा. पण भिंगावरचे झाकण त्याने कधी काढले नाही. लोकांना वाटायचे, हा माणूस रात्ररात्र आकाश बघतो. तो मोबाइलवर मॅच बघायचा. एवढी निगा माझी आयुष्यात कोणी राखली नव्हती, आणि एवढा अपमानही कोणी केला नव्हता.

एक दिवस तिथे एक शिंपीण आली. गळ्यात मापाची फीत तशीच राहिलेली. बरोबर तिची मुलगी होती, एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. खेळताना भिंगरीच्या डाव्या डोळ्याला चेंडू लागला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, आतला पडदा सुटायला लागलाय, उद्या सकाळी या, ऑपरेशन करू. आणि ही बाई तिथून थेट सम्राटाकडे आली होती.

तिला मूर्ख म्हणू नका. तिचा नवरा असाच एकदा ऑपरेशनला आत गेला होता, तो परत आलाच नाही. तेव्हापासून तो शब्द ऐकला की ती उठून चालू लागायची. तिला कोणीतरी "थांब" म्हणायला हवे होते.

सम्राटाने ग्रहांचा तक्ता उघडला, बोटांवर काहीतरी मोजले, भुवया उंचावल्या. "शनीची नजर आहे डोळ्यावर," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात तो घर बदलतोय. तोवर सुरी लावाल तर मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"पण डॉक्टर म्हणाले, उशीर नको."

"डॉक्टरला डोळा दिसतो. डोळ्यामागचं मला दिसतं." असे म्हणून त्याने माझ्या नळीवर थाप मारली, जणू मीच त्याला सांगितले होते! मला तोंड असते तर मी तिथेच त्याला धारेवर धरले असते. बाईने सुटकेचा श्वास सोडला आणि मुलीला घेऊन घरी गेली.

महिना सरत आला होता तेव्हा ती परत आली. भिंगरी दारांना आपटायला लागली होती आणि आईला धीर हवा होता. मोठ्यांचे बोलणे चालू असताना पोर माझ्याजवळ आली आणि तिने डावा डोळा मला लावला.

"आई, सगळं काळं दिसतंय."

खुर्च्यांवरची माणसे हसली. सम्राटही हसला. "अगं ठमाबाई, झाकण लावलंय तिला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझे झाकण काढले. दुपारचा लख्ख उजेड माझ्यातून गेला आणि थेट तिच्या डोळ्याच्या बाहुलीवर पडला. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

"अजून काळंच आहे," ती म्हणाली.

"लहान मुलांना नीट बघता येत नाही," सम्राट म्हणाला. "दुसरा डोळा लाव बघू."

तिने उजवा लावला. समोरच्या कठड्यावर कबुतरे बसली होती. "कबुतरं! उलटी चालताहेत!" भिंगरी टाळ्या पिटू लागली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. "बघा, दिसतंय तिला," ती सगळ्यांना सांगत सुटली. त्या खोलीत फक्त मला कळले होते की डावा डोळा विझला आहे. मित्रांनो, डोळ्यांसाठीच जन्माला आलेल्या वस्तूला तोंड नसावे, यासारखा अन्याय नाही.

शनीने म्हणे घर बदलले. ठरलेल्या शुभ दिवशी ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी दोन शब्दांत निकाल दिला, "उशीर झाला."

त्यानंतर एका संध्याकाळी ती मायलेकींची जोडी पुन्हा जिना चढून आली. खुर्च्या भरलेल्या होत्या. आई नंबर लावून बसली नाही.

सम्राटाचे उत्तर तयार होते. "दोन्ही डोळे जायचे होते, ताई. मी मध्ये पडलो म्हणून एकावर निभावलं."

ती ओरडली नाही. "मला तो शनी दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"ज्यानं माझ्या पोरीचा डोळा घेतला त्याचं तोंड बघायचंय मला. ही दुर्बीण आहे ना तुमच्याकडे? दाखवा."

"असं कुणालाही दाखवता येत नाही. आज योग नाही."

"अंधार पडलाय. आभाळ मोकळं आहे. दाखवा."

खुर्च्यांवरची माणसे बघत होती. एका म्हाताऱ्याने तर मान पुढे करून विचारले, "आम्हालाही दाखवा की, महाराज." सम्राटाला घाम फुटला. त्याने माझे झाकण काढले, मला इकडे वळवले, तिकडे वळवले. शनी कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हते. ज्याच्या नावाने त्याने घर चालवले त्याला त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते! शेवटी त्याला इमारतींमागे एक लाल ठिपका दिसला. त्याने मला तिकडे रोखले आणि खोल आवाजात म्हणाला, "हा बघा. केवढा क्रोधात आहे."

आईने डोळा लावला. आधी तिला नुसता लाल डाग दिसला. पण शिवणयंत्राचा स्क्रू पिळून दोऱ्याचा ताण नीट करण्यात त्या बोटांचे आयुष्य गेले होते. तिला माझे चाक सापडले. तिने ते हळूहळू फिरवले आणि मी, मित्रांनो, जीव ओतून सगळे स्पष्ट दाखवले. लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट, लोंबणारी वायर, आणि खालच्या टोकाला काचेच्या टोपणातला दिवा.

"उलटं दिसतंय," ती म्हणाली, "पण हा मोबाइलचा टॉवर आहे."

म्हातारा उठला, त्याने डोळा लावला आणि तोही म्हणाला, "टॉवरच आहे." मग एकेक जण आला. सम्राट मोबाइल कानाला लावून आतल्या खोलीत निघून गेला. त्याला कोणाचाही फोन आला नव्हता.

भिंगरी आईचा पदर ओढत होती. "आई, मग माझा डोळा कोणी घेतला?"

आई खाली बसली. तिने पोरीला जवळ घेतले. "मी थांबले ना, बाळा, म्हणून गेला," ती म्हणाली.

नाही, मित्रांनो. तो एवढा भार तिने एकटीने उचलावा हे मला मान्य नाही. ज्याने तिला "थांब" म्हटले तो अजून त्याच गादीवर बसतो. आठवडाभर त्याच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मग पुन्हा भरल्या. लोकांची आठवण तेवढीच असते. त्याने माझ्या चाकात डिंक ओतला आहे, पुन्हा कोणाला ते फिरवता येऊ नये म्हणून. आणि खरा शनी त्या संध्याकाळी टॉवरच्या बराच वर, डाव्या अंगाला उगवलेला होता. पिवळसर, स्थिर. त्याला ना टॉवर ठाऊक, ना ती पोर. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने कधी कोणाला "थांब" म्हटलेले नाही.

अशा कहाण्यांच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. मला पुसू नका. इथे मी पुरेशी पुसली जाते. डॉक्टर उद्या सकाळी या म्हणाले, तर उद्या सकाळी जा. भीती वाटली तर कोणाचा तरी हात धरून जा. रडत जा, पण जा.