उलटी थांबल्यावर

मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली मी, त्यातली पंचवीस तरी बायकांवर खेकसण्यात. पोरगं फिनेल प्यायलं, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या खाल्ल्या, की आधी पोराला सावरायचं आणि मग आईला फैलावर घ्यायचं. "डोळे काय कपाटात ठेवले होतेस गं?" मला सगळं पाठ होतं. पोर दीड ते तीन वर्षांचं. वेळ जेवणाआधीची, पोटात कावळे ओरडतात तेव्हाची. आणि वस्तू हमखास मूळ बाटलीतून दुसऱ्याच कशात तरी काढून ठेवलेली. तरी बाया म्हणायच्या, "एक मिनिटच आत गेले होते हो सिस्टर." एक मिनिट म्हणे!

माझी सून सहा महिन्यांची गरोदर, रक्त कमी. लोहाच्या गोळ्या मीच आणून द्यायचे आणि ती रोज विसरायची. मग एका रविवारी मी वॉर्डातल्यासारखं केलं. राउंडआधी आम्ही पाकिटं फोडून गोळ्या ट्रेमध्ये काढून ठेवतो, तशा महिन्याच्या तीस गोळ्या काढल्या, चॉकलेटच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि डबा जेवणाच्या टेबलावर ठेवला. लालचुटुक गोळ्या, वरून गोड. "आता तरी विसरू नका, महाराणी," म्हटलं. ती हसली. ठमी, माझी अडीच वर्षांची नात, खुर्चीवर उभी राहून बघत होती. मला काहीच खटकलं नाही. मला!

बुधवारी साडेअकराला सुनेचा फोन आला. "आई, ठमीला उलट्या होतायत. लालसर. डबा उघडा पडलाय."

"किती उरल्यात?"

"सहा."

तीन दिवसांच्या तीन तिने घेतलेल्या. म्हणजे पोरीच्या पोटात एकवीस. "तशीच उचल आणि इकडे घेऊन ये," म्हटलं.

आमच्याच वॉर्डात आणलं. डॉक्टरांनी पोट धुतलं, सलाईन लावलं. यावर उतारा म्हणजे एक इंजेक्शन, त्याचा आमच्याकडचा साठा संपलेला. दुसऱ्या शहरातून मागवलं. दोन वाजता उलट्या थांबल्या. चार वाजता ठमी कॉटवर बसून माझ्या घड्याळाशी खेळत होती, बिस्कीट मागत होती.

"आई, बघ की!" मुलगा म्हणाला. "ठणठणीत आहे कार्टी. उगाच आमचा जीव टांगणीला लावला हिने."

मी हसले. लोहाचं विष असंच असतं. उलटी थांबते, पोर खेळायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि आत यकृत निकामी होत असतं. त्या खोलीत हे डॉक्टरांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. ठमी "आजी, बिक्कीट" म्हणत होती आणि मी तिला "उद्या हं" म्हणत होते. देवा, मी तिला उद्या म्हणत होते.

धीर आल्यावर मुलाला राग आला. तो बायकोवर उखडला, "टेबलावर गोळ्या ठेवतात? अक्कल गहाण टाकली होतीस का?" ती मान खाली घालून रडत राहिली. माझं नाव काही घेईना.

"डबा मी ठेवला," मीच म्हटलं. "पाकिटं मी फोडली."

तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजेक्शन आलं, पण फार उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी गेली.

आता सुनेला आठवा लागलाय. चेहरा पांढराफटक. तेव्हापासून एका गोळीला हात लावलेला नाही तिने. बाळंतपणात रक्त गेलं तर दोघांचंही कठीण आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मुलगा विनवून विनवून थकला. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू सांग. तुझं कामच आहे ते."

काल गेले. हातात न फोडलेलं पाकीट होतं. दारात उभी राहिले, पण बोलणार कोणत्या तोंडाने? ती पाठमोरी कपड्यांच्या घड्या करत होती. न वळताच म्हणाली,

"आई, ते घेऊन आत येऊ नका."