पाठमोरा फळा

मी फळा बोलतोय. तुमच्याकडे पाठ करून बोलतोय, त्याबद्दल माफी असावी. कारण सांगतो.

विश्रांतवाडीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, लाकडी स्टँडवर माझा मुक्काम. समोर बसतात ती मोठी माणसं: रखवालदार, स्वयंपाकाच्या मावश्या, शिलाई करणाऱ्या बायका. त्यांना लिहिणं, वाचणं, आकडेमोड शिकवतात जिनत बाई. दहा वर्षांत त्यांनी 'बांधिलकी' हा शब्द माझ्यावर एकदाही लिहिला नाही. शिकवण्यातून सवड मिळाली नसावी.

यंदा मदिनाबींना घाई होती. पंचवीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या या बाईंना एका बुटीकमध्ये कटिंग मास्तरची जागा मिळत होती. अट एकच, मापं चिठ्ठीवर लिहिता आली पाहिजेत. सोमवारी परीक्षा.

"बाई, सव्वाचौदा तोंडानं येतं हो मला. कागदावर कसं उभं करायचं?"

"शनिवारी या. करू उभं."

नेमकी मंगळवारी तपासणी समिती यायची होती. आमचे प्राचार्य साईनाथ सर कंबर कसून कामाला लागले. शुक्रवारी पेंटर आला आणि माझ्या छातीवर 'मूलभूत शिक्षणासाठी शिक्षकांची बांधिलकी' अशी बारा ओळींची शपथ रंगवून गेला. ऑइलपेंटमध्ये, पुसली जाऊ नये म्हणून. कोपऱ्यात दोन गुलाबही काढले.

शनिवारी बाई खडू घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

"सर, आता शिकवायचं कुठे?"

"मॅडम, मंगळवारपर्यंत बांधिलकी महत्त्वाची. शिकवणं काय, रोजचंच आहे."

जिनत बाईंनी आणि मदिनाबींनी मला दोन बाजूंनी धरलं आणि सरळ उलटं केलं. माझी पाठ! खिळे, ठिगळं, जळमटं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी ओढणीच्या टोकानं ती पुसली, तिच्यावर शिलाईची टेप काढली, एका इंचाची चार घरं पाडली.

"चारातलं एक घर म्हणजे पाव. वर एक, खाली चार."

मदिनाबींनी १४¼ लिहिलं. मग १५½. मग कोणी न सांगता ३६¾. खडू मोडला, तरी त्या थांबल्या नाहीत.

मंगळवारी मला सुलटं करण्यात आलं. समितीनं शपथ वाचली, माझ्यासोबत फोटो काढले, 'बांधिलकी ठळकपणे दिसून आली' असा शेरा मारला. वर्ग पाहायचा राहिला. जेवण गार होत होतं.

समिती गेली आणि मदिनाबी आल्या. हातात बुटीकमधली पहिली चिठ्ठी, त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली. जिनत बाईंनी ती दोनदा वाचली आणि डोळे पुसले. सोबत मदिनाबींची जाऊ होती, वर्गात नाव घालायला आलेली. मग तिघींनी मिळून मला पुन्हा उलटं केलं.

तेव्हापासून शपथ भिंतीला ऐकवली जाते आणि माझी पाठ खडूनं पांढरी असते. आपण कधी आलात तर एवढीच विनंती: फळा सुलटा करू नये. वर्ग चालू आहे.