जयरामच्या नावाची नळी

मी रक्ताची नळी बोलतेय. बोटाएवढी, पिवळ्या बुचाची. पोटात रक्त धाकूचं आणि अंगावर नाव जयरामचं. आधीच सांगून टाकते, कारण लपवायला आता उरलंय काय!

कारखान्यातून निघाले तेव्हा कोरी होते. गोव्यातल्या एका इस्पितळात, हृदयाच्या ऑपरेशननंतरच्या वॉर्डात आले. तिथली सुविधा सिस्टर पेडण्याहून पहिल्या बसने यायची. हाताची हलकी, पण भारी घाईची. रक्त काढण्याआधीच टेबलाशी बसून सगळ्या नळ्यांना नावं चिकटवून ठेवायची. "राउंडच्या आधी उरकतं," म्हणायची.

त्या सकाळी तिने धाकूच्या दंडाला पट्टा बांधला आणि मला उचललं. धाकू सुर्ल्याचा, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. आदल्याच दिवशी बायपास झालेली. जयराम शेजारच्या खाटेवर. अगं बाई, एकदा वाच की नाव! मी ओरडणार कशी? तोंडाला बूच.

लॅबमध्ये मला गरगर फिरवून ट्रोपोनिन मोजलं. हृदयाचा स्नायू दुखावला की ते रक्तात उतरतं. ऑपरेशननंतर थोडं सगळ्यांचंच वाढतं. माझ्यातलं भलतंच वाढलं होतं. धाकूला जोडलेली नवी रक्तवाहिनी तुंबली होती. कागदावर मात्र जयराम! आणि जयरामचं चांगलं रक्त धाकूच्या नावावर.

वॉर्डातलं मला मागाहून कळलं. जयराम मजेत पेज खातोय आणि डॉक्टरांची धावपळ त्याच्याभोवती. इकडे धाकूची बायको शेवंती सुविधापुढे काकुळतीला आलेली. "बाये, ह्यांका घाम फुटलो हा. छातीत दुखता म्हणतत."

"रिपोर्ट चांगला आहे. टाके दुखत असतील," डॉक्टर म्हणाले.

सकाळी नाव न वाचताच नळी उचलली होती, हे सुविधाला आठवलं. ती धावत लॅबमध्ये आली, मला शोधलं, नाव वाचलं आणि गुपचूप खिशात घातलं. अर्धा तास मी तिच्या खिशात होते. तिचं नख माझ्यावरच्या चिठ्ठीचा कोपरा उचकटत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शेवटी तिने मला डॉक्टरांपुढे धरलं. "सर, हे धाकूचं रक्त. चूक माझी."

दोघांचं रक्त पुन्हा काढलं, धाकूला तातडीने आत नेलं. वाचला तो. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. हातचा ट्रक सुटला.

सुविधाने शेवंतीला सगळं स्वतः सांगितलं, अर्ध्या तासासकट.

"चूक झाली, ता समाजला," शेवंती म्हणाली. "पण कळल्यावर गप कित्याक रवलंस?"

"भियालंय," सुविधा म्हणाली. शेवंती धाकूच्या पायांशी जाऊन बसली.

मला आता जाळायच्या पिशवीत टाकतील. जाण्याआधी एवढंच मागते: रक्त काढायला कोणी आलं की आपलं नाव सांगा, चिठ्ठी डोळ्यांदेखत लावून घ्या. लाजू नका.

धाकू त्या सकाळी जागा होता हो. नाव विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं.