सहाच प्रश्न

पालिकेच्या चाळीतली खोली वारलेल्या नवऱ्याच्या नावावरून आपल्या नावावर करायला शेवंतीकाकू ऑनलाइन फॉर्म भरत होत्या. पालिकेसाठी त्या फॉर्मातले बावीस प्रश्न कमी करून सहा मीच केले होते. ते लोकांना भरायला जमतात का, हे पाहायला मी शेजारी बसले होते.

"झालं? शिक्का नाय, साक्षीदार नाय?"

"गरज नाही, काकू."

'पाठवा' बटणावर नेलेलं काकूंचं बोट थांबलं.

"मग आमचा पुतण्या जयवंतपण भरेल. खोलीवर डोळाच हाय त्याचा. त्याने आधीच भरला असला तर हा फॉर्म मला तसं सांगेल?"

फॉर्म ते सांगत नव्हता. 'आधी कुणी अर्ज केला असेल तर फॉर्मने सांगावं,' अशी मी वहीत नोंद केली.

काकूंनी ती वाचली. "हे होईस्तोवर मला कागदाचाच फॉर्म दे. शिक्क्यासकट."